दूरपंच

चांदसुऱ्यात कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या पोराला दाखला मिळेना, की माणसं सरळ बेडसे मॅडमच्या दारात यायची. कालिंदी बेडसे हायस्कूलात विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि पुढच्याच निवडणुकीत नगरपरिषदेवर गेल्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांच्यासमोर उभं राहिलं की मिशा पिकलेले बाप्येसुद्धा नकळत शर्टाची बटणं चाचपायचे. त्यामुळे पोलिसांना गावातून पंच हवे झाले तेव्हा पहिलं नाव त्यांचंच निघालं, यात नवल नव्हतं.

झडती घ्यायची तर गावातलं कुणी प्रतिष्ठित माणूस समोर हवं, हा कायदा जुनाच. पण पंच व्हायला कोण तयार असतं? पुढं कोर्टाच्या खेपा, आरोपीच्या नातेवाइकांचा राग. मग पोलिसांनी चहाच्या टपरीवरची ठरलेली माणसं धरून आणायची आणि प्रत्येक पंचनाम्यावर त्याच सह्या घ्यायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं. त्यावर सरकारनं तोडगा काढला तो दूरपंचाचा. फौजदाराच्या छातीवर कॅमेरा आणि पंचाच्या हातात मोबाइल. पंचानं घरबसल्या सगळी झडती बघायची. पडद्यावर दोन बटणं. हिरवं ‘हजर’ आणि लाल ‘हरकत’. हरकत दाबली की झडती जागच्या जागी थांबलीच पाहिजे आणि पंच सांगेल ते आधी ऐकलंच पाहिजे. इतका अधिकार पूर्वीच्या पंचाला कधीच नव्हता.

दूरपंच आले ते मीटरच्या मागोमाग. घरोघरचे नवे वीजमीटर नुसते युनिट मोजत नव्हते. विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू सुरू होताना आपल्या ढंगानं वीज ओढते. फ्रीज आधी जोरात हिसका देतो नि मग शांत घुमतो, मिक्सर थरथरतो, हीटर एकदम उभी चढण घेतो आणि सपाट चालतो. मीटर हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तपासायचा, आणि त्या एकाच गुंत्यातून कोणत्या घरात या घडीला काय काय चालू आहे ते संगणक वेगळं काढायचा. कालिंदीबाईंनी स्वतः वॉर्डसभेत हे समजावून सांगितलं होतं. “आपल्या पाठोपाठ जिन्यावरून कोण येतंय ते आपण न बघता पावलांवरून ओळखतो ना? तसंच हे,” त्या म्हणाल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तालुक्यात अमली पदार्थांचे छुपे कारखाने सापडू लागल्यावर हा संगणक पोलिसांना जोडला गेला. बंद खिडक्या, दिवसभर चालणारा पंखा, मंद आचेचा हीटर आणि गार पाणी फिरवणारा पंप, असं सगळं एका घरात जुळलं की संगणकच वॉरंटाचा मसुदा बनवून न्यायाधीशांच्या पडद्यावर पाठवायचा. ठरल्या वेळात त्यांचा नकार आला नाही, तर वॉरंट मंजूर समजलं जायचं. आतल्यांनी पुरावा नष्ट करू नये म्हणून पोलीस आत शिरण्याआधी त्या घराची वीज दुरूनच तोडली जायची.

सुरुवातीच्या झडत्या कालिंदीबाईंनी डोळे फाडून पाहिल्या. एकदा हरकत घेऊन एका म्हातारीच्या देवघराला हात लावू दिला नव्हता. पण झडती म्हणजे दीड-दोन तास कपाटं उपसणारे शिपाई. हळूहळू त्या स्वयंपाक करता करता बघू लागल्या. मग नुसत्या ऐकू लागल्या. मग मोबाइल उपडा पडू लागला.

त्या रविवारी भाचीचा साखरपुडा होता. दुपारची पंगत बसली होती, सनई-चौघडा कानठळ्या बसवत होता, आणि मोबाइल थरथरला. ‘झडती सुरू होत आहे. पंच उपस्थित आहेत का?’ खाली पत्ता होता. तो वाचायला चष्मा लागला असता आणि चष्मा पर्समध्ये होता. कालिंदीबाईंनी मठ्ठ्याची वाटी डाव्या हाताला सरकवली, ‘हजर’ दाबलं आणि मोबाइल ताटाशेजारी उपडा ठेवला.

“कोण गं?” धाकट्या बहिणीनं विचारलं.

“काही नाही, पोलिसांचं. चालूच असतं.”

जेवणं झाली, विडे झाले. केव्हातरी पंचनामा आला तेव्हा त्या भाचीच्या साडीच्या निऱ्या सारख्या करत होत्या. त्यांनी न वाचताच अंगठा टेकवला.

सकाळी दूधवाला म्हणाला, “मॅडम, अत्तारांकडं काल पोलीस आलेले. इस्माईलभाईंना सरकारी दवाखान्यात नेलंय. अवघड आहे म्हणतात.”

इस्माईल अत्तार म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याखालचे अत्तरवाले. फुफ्फुसं निकामी झाल्यापासून ऑक्सिजनच्या मशीनवर होते. आता सून नसीम घरामागच्या खोलीत वाळ्याचं आणि केवड्याचं अत्तर काढायची. बंद खोली, मंद आचेचा हीटर, वाफ थंड करायला पाण्याचा पंप, दिवसभर चालणारा पंखा. कालिंदीबाईंच्या हातातलं दुधाचं पातेलं तसंच राहिलं. मीटरला हीटर कळतो. हीटरवर काय शिजतंय ते त्याला कुठून कळणार? हे वॉर्डसभेत त्या बोलल्या नव्हत्या.

त्यांनी मोबाइल उघडून कालचा पत्ता वाचला. मग त्या दवाखान्यात गेल्या.

नसीम वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. दहावीला त्यांच्याच वर्गात होती, पहिल्या बाकावर बसणारी, शंका विचारून भंडावणारी. त्यांना बघताच ती उठून उभी राहिली.

“बस गं,” कालिंदीबाई म्हणाल्या. “कसे आहेत?”

“श्वास चालू आहे. पण ओळखत नाहीत. डॉक्टर म्हणतात मेंदूला हवा कमी पडली, आता बोलतील असं वाटत नाही.” ती थांबली. “लाईट गेली तशी मशीन बॅटरीवर आली. बॅटरी जुनी. मी फौजदारांच्या पाया पडले, म्हटलं, फक्त लाईट चालू करा. ते म्हणाले, खोली सील होईपर्यंत नियम नाही, पंचांनी हरकत घेतली तरच. मी विचारलं पंच कोण, तर म्हणाले, बेडसे मॅडम. बघतायत.”

कालिंदीबाई बाकाच्या कडेला टेकल्या.

“मॅडम, एक विचारू? राग मानू नका. मी कॅमेऱ्यात बघून तुम्हाला खूप हाका मारल्या. तुम्ही बघत होतात ना?”

खरं सांगायला एक क्षण होता. तो गेला.

“नेटवर्क नव्हतं गं,” कालिंदीबाई म्हणाल्या. “मंगल कार्यालयात होते मी. चित्रच येत नव्हतं.”

नसीमचा चेहरा सैल झाला. रात्रभर आवळून धरलेलं काहीतरी तिनं सोडलं असावं. तिनं मॅडमचा हात हातात घेतला. “तेच मी सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, मॅडम बघत असत्या तर गप्प बसल्या नसत्या.”

घरी येऊन त्यांनी हात धुतले. परत धुतले. मग दार लावून झडतीचं चित्रीकरण उघडलं. पंचाला ते नंतरही बघता येत असे.

चित्र स्वच्छ होतं. दार तुटल्याचा आवाज, बंद खिडक्यांमुळं अंधारलेली बाहेरची खोली, विजेऱ्यांचे झोत. मागच्या खोलीत तांब्याचा हंडा आणि वाळ्याच्या मुळांचे भारे. एक शिपाई म्हणालाही, “साहेब, हे तर अत्तर दिसतंय.” फौजदार म्हणाला, “तपासणीवाले ठरवतील. आपण सील करायचं.” मग नसीम समोर आली. तिनं थेट कॅमेऱ्यात पाहिलं, वर्गात बोट वर करून बघायची तसं.

“मॅडम, मी नसीम. मॅडम, हरकत घ्या ना. अब्बांची मशीन बंद पडतेय. एकदाच म्हणा, मॅडम. लाईट चालू करा एवढंच.”

फौजदारही थांबला होता. मोबाइल धरलेला त्याचा हात चित्रात वर आला, लाल खूण येतेय का म्हणून. तोही वाट बघत होता. “मॅडमची हरकत नाही,” तो अखेर म्हणाला. त्याच्याही आवाजात समाधान नव्हतं. चित्राच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘पंच हजर’.

नसीम हाका मारत राहिली. हळूहळू तिचा आवाज बदलला. आधी त्यात विश्वास होता, मग अजिजी आली, मग नुसतं ‘मॅडम, मॅडम’ उरलं. रुग्णवाहिका येईपर्यंत म्हातारबाबांची मान कलंडली होती. कालिंदीबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं. ते संपल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडू आलं नाही. रडायचा हक्कही आपल्याला उरलेला नाही असं त्यांना वाटलं.

चार दिवसांनी वकील अनघा किरपेकर त्यांच्याकडे आली. वॉरंटाचा कायदा बदलावा म्हणून राज्यभर हालचाल चालू होती, आणि अनघा त्यात पुढे होती. विधिमंडळाच्या समितीनं नगरपरिषदांची आणि पंचायतींची मतं मागवली होती, कारण पंच गावातूनच जायचे.

“मॅडम, चांदसुऱ्याचा ठराव पहिला जाईल,” अनघा म्हणाली. “तोच नमुना म्हणून मी बाकीच्या शहरांना पाठवणार आहे. सूचक तुम्हीच व्हा. नसीमनंच तुमचं नाव सुचवलं.”

तिनं मसुदा पुढं केला. सुरुवातीलाच लिहिलं होतं: ‘नेटवर्क खंडित झाल्याने पंच झडती पाहू शकल्या नाहीत, आणि त्यामुळे एका निरपराध वृद्धाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले.’

“हे वाक्य ठेवायलाच हवं का?” कालिंदीबाईंनी विचारलं.

“तोच तर मुद्दा आहे. तंत्रावर विसंबलो आणि तंत्र तुटलं.”

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष दिनकरराव कोठुळे यांनी त्यांना बोलावलं. ते खुशीत होते. “वरून निरोप आलाय. सरकार सुधारणेला तयार आहे. पंचांना उपग्रहाची वेगळी जोडणी देणार, कधी तुटणारच नाही. आपल्या गावाला टॉवर पण मिळतोय. वॉरंटाबद्दलच्या बाकीच्या मागण्यांचा मग कोण आग्रह धरतंय?”

“पण दिनकरराव, नेटवर्क…” कालिंदीबाई अडखळल्या. “नेटवर्क होतं.”

कोठुळ्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग खुर्ची ओढून जवळ बसले आणि आवाज उतरवला. “हे मला सांगितलंत, आणखी कुणाला सांगू नका. खोटा पंचनामा म्हणजे गुन्हा आहे. तुमच्या नावावरच्या सगळ्या केसेस ढिल्या पडतील. ते खरोखरचे बदमाष सुटतील. आणि म्हातारबाबा काही उठून बोलणार नाहीत. ठराव होतोय, तुमची अब्रू राहतेय. कुणाचं काय बिघडतंय?”

त्या उठल्या. बिघडत काय होतं ते त्यांना पायऱ्या उतरताना लख्ख दिसलं. आपल्या एका थापेवर राज्याचा कायदा उभा राहणार होता. गावोगाव टॉवर येतील, चित्रं आणखी स्वच्छ दिसतील, आणि गावोगावचे प्रतिष्ठित लोक मोबाइल उपडा ठेवून जेवत राहतील. न्यायाधीशांना वाटलं होतं पोलिसांनी खात्री केली असेल. पोलिसांना वाटलं संगणकानं केली असेल. आणि सगळ्यांची भिस्त होती पंचावर. बघणारं माणूस त्या सगळ्या साखळीत एकटं तेच होतं.

तरीही सभेच्या दिवसापर्यंत त्यांना खात्री नव्हती की आपण बोलू. साडी नेसताना त्यांनी ठरवलं की गप्प बसायचं. रिक्षात बसल्यावर ठरवलं, आज नको, नंतर समितीला पत्र लिहू. सभागृहात शिरल्या आणि मागच्या खुर्च्यांवर नसीम दिसली. तिनं मान लववली.

नगराध्यक्षांनी विषय पुकारला. कालिंदीबाई मसुदा घेऊन उभ्या राहिल्या. चष्मा लावला. पहिली ओळ वाचली आणि थांबल्या.

“या ठरावातलं एक वाक्य खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “ते माझ्या सांगण्यावरून घातलं गेलंय.”

कोठुळे घाईनं म्हणाले, “मॅडमची तब्येत बरी नाही, आपण पुढचा विषय…”

“माझी तब्येत चांगली आहे, दिनकरराव. नेटवर्क होतं. सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. मी बघत नव्हते. मी जेवत होते.”

त्यांनी मसुदा मिटून टेबलावर ठेवला.

“आणि हे एकदाच झालेलं नाही. माझ्या नावानं जेवढे पंचनामे आहेत त्यातले निम्मे तरी मी पाहिलेले नाहीत. सरकार टॉवर देतंय. टॉवर दिला तरी मी जेवतच असेन. पंचाला दारात उभं करा. पलीकडचं माणूस डोळ्यांत डोळे घालून बघत असलं म्हणजे ताट पुढं ओढवत नाही. न्यायाधीशांनी फौजदाराला प्रश्न विचारावेत आणि तोंडानं होय म्हणावं. गप्प राहणं म्हणजे मंजुरी, असं धरू नका. गप्प राहण्याचं काय होतं ते मी बघून आले आहे. आधी दार वाजवा, वॉरंट वाचून दाखवा. घरात आजारी माणूस असेल तर विजेला हात लावू नका. पहिलं वाक्य काढून हे लिहा. आणि ते का काढलं, तेही लिहा.”

त्यांनी मागं पाहायचं टाळलं होतं. आता पाहिलं. नसीम उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता. रागापेक्षा वाईट होतं ते. जणू तिला एखादं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागत होतं, आणि त्यातली एकेक पायरी चुकीची निघत होती. मतं मोजायच्या आधीच ती निघून गेली.

आधी दोनच हात वर झाले. मग कुणीतरी म्हणालं, “बाईंनी एवढं सांगितलंय, आता काय बघता?” आणि हात वर होत गेले. कोठुळ्यांचा सगळ्यात शेवटी. दारात अनघा किरपेकर उभी होती. ती नवा मसुदा घेऊन गेली.

खरं बोललं की मन हलकं होतं, असं कालिंदीबाईंनी कैक वर्षं मुलांना सांगितलं होतं. तसं काही झालं नाही.

त्यांचं नगरसेवकपद गेलं. खटला झाला. गुन्हा त्यांनी पहिल्याच तारखेला कबूल केला आणि दंड भरला. त्यांच्या पंचनाम्यांवर उभ्या असलेल्या केसेस कोसळल्या, आणि ज्याच्या नशेच्या गोळ्यांपायी गावातली दोन पोरं गेली होती तो माणूस सुटून बाजारात उजळ माथ्यानं फिरू लागला. त्या पोरांतल्या एकाची आई भाजीच्या गाडीपाशी त्यांना म्हणाली, “तुमचीच कृपा, मॅडम,” आणि कोथिंबीर पिशवीत टाकून निघून गेली. आधी खोटं ‘हजर’ दाबून एका घराचं वाटोळं झालं होतं, आणि खरं बोलून दुसऱ्या घराला न्याय मिळाला नव्हता. दोन्हीकडं नाव त्यांचंच होतं.

चांदसुऱ्याचा ठराव मात्र गावोगाव गेला. नगरपरिषदांमागून नगरपरिषदांनी तो उचलला. विधिमंडळात दोन अधिवेशनं भांडण चाललं आणि अखेर कायदा बदलला. एका संस्थेनं कालिंदीबाईंचा सत्कार ठरवला. “मला बोलावू नका,” एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला.

अत्तारांच्या घरी त्या तीनदा गेल्या. तिन्ही वेळा नसीमच्या नवऱ्यानं अदबीनं खुर्ची दिली, पाणी दिलं. इस्माईलभाई खाटेवर पडून टक लावून बघत असायचे, कुणाकडं ते कळायचं नाही. नसीम आतून बाहेर आली नाही. चौथ्यांदा त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरल्या. आपण तिच्यासाठी जातोय की स्वतःसाठी, हे त्यांना सांगता येईना.

नव्या कायद्याप्रमाणं आता पोलिसांना जिवंत पंच दारात हवा होता. गावात कुणी पुढं येईना. ठाण्यात एकच नाव आपणहून आलं.

ते कालिंदीबाईंना उन्हाळ्यातल्या एका सकाळी कळलं. त्यांच्याच गल्लीत, समोरच्या घरापुढं पोलिसांची गाडी थांबली. त्या फाटकापाशी आल्या. गाडीतून फौजदार उतरला, दोन शिपाई उतरले आणि त्यांच्यामागून, डोक्यावरची ओढणी सावरत, नसीम उतरली.

शिपाई दाराकडं निघाला. नसीम म्हणाली, “थांबा. आधी वाजवा. आणि आत कुणी आजारी आहे का विचारा.”

शिपायानं दार वाजवलं. फौजदार वॉरंट हातात धरून उभा राहिला. आतून कुणीतरी “आले, आले” म्हणत होतं. त्या गल्लीच्या शांततेत नसीमची नजर वळली आणि फाटकावर येऊन थांबली.

किती दिवस जपलेलं वाक्य कालिंदीबाईंच्या ओठांवर आलं. “नसीम, मला तुला…”

“आत्ता नको, मॅडम,” नसीम म्हणाली. आवाजात ना आच होती ना ओलावा. “आत्ता माझं लक्ष तिकडं हवं.”

दार उघडलं. ती पाठ फिरवून सगळ्यांच्या आधी उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली, आणि आतल्या माणसाला म्हणाली, “घाबरू नका. मी बघतेय.”

कालिंदीबाईंची मान खाली गेली. भर उन्हात, उघड्या डोक्यानं, त्या तशाच फाटकाला धरून उभ्या राहिल्या.